हौद्यातलं वजन

माझ्या जावयाला मोकळी वस्तू सहन होत नाही. घरात नव्हे. घरात त्याचे मोजे, स्पॅनर आणि चहाचे मग वाटेल तिथे लोळत असतात. त्याची शिस्त फक्त गाडीत. त्याच्या जुन्या पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात साधा कोबीचा गड्डा ठेवायचा असला, तरी तो आधी बांधणार आणि मगच इंजिन सुरू करणार. गेल्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी मी लंडनच्या स्टॅनमोरहून त्यांच्याकडे गेले, तेव्हा स्टेशनबाहेर त्याने माझी बॅगसुद्धा पट्ट्याने अशी आवळली की तिच्यातल्या डिंकाच्या लाडवांची मला काळजी वाटायला लागली.

ते दोघं राहतात उत्तर इंग्लंडमध्ये, डरहॅमच्या पश्चिमेला, डोंगरात. तो तिथलाच, इंग्रज, पडलेली झाडं कापायचं काम करतो. मला 'आई' म्हणतो आणि त्यातला 'आ' इतका लांबवतो की आपण फार दूर उभ्या आहोत असं मला वाटतं. माणूस चांगला आहे. मी सुरुवातीला नाक मुरडलं होतं, ते कधीच सरळ केलं.

बॅग ठेवताना मी पाहिलं, हौद्यात वाळूच्या गोण्या होत्या. लांबट, कापडी, एकमेकींना चिकटून निजवलेल्या. त्यांच्याभोवती त्याने लाकडी चौकट ठोकली होती आणि वरून दोन पट्टे आवळले होते. वर पातळ बर्फ पडलेलं होतं. कुणाला पांघरूण घालून झोपवावं तसं ते दिसत होतं आणि मला ते आवडलं नाही.

वाटेत मी काही विचारलं नव्हतं, तरी त्यानेच समजावून सांगितलं. ही गाडी जुनी, जोर फक्त मागच्या चाकांना, आणि इंजिनाचं सगळं ओझं पुढे. हौदा रिकामा असला की मागची चाकं बर्फावर नुसती गरगरतात आणि वळणावर ढुंगण फिरतं. म्हणून मागे वजन हवं. पण तेही कुठेही टाकून चालत नाही. मागच्या चाकांच्या बरोबर वर हवं. पार मागे, फाळक्यापाशी ठेवलं तर गाडीचं नाक उचललं जातं आणि स्टिअरिंगला पकड राहत नाही. गाडी झेपेल त्याहून जास्त भरायचं नाही, कारण जड गाडी थांबायलाही वेळ लावते. आणि दगड-विटा तर अजिबात नाहीत. जोरात ब्रेक लागला की मोकळा दगड थांबत नाही, सरळ मागची काच फोडून आत बसलेल्याच्या डोक्यात येतो. वाळू बरी. फाटली तर सांडते, गाडी अडकली तर चाकाखाली टाकता येते. हे सगळं तो इतक्या हळू आवाजात सांगत होता की मला वाटलं, मागे कुणी झोपलंय.

चढावर एक वळण आहे. एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला दगडावर दगड रचलेली बिनचुन्याची भिंत. भिंत काळपट, शेवाळलेली, पण मधलाच एक तुकडा फिकट आहे, कारण तिथले दगड नव्याने रचले आहेत. त्या तुकड्यापाशी आलो आणि मागून आवाज आला. धप्. लोखंडाचा नाही, लाकडाचा नाही. लहान मूल पलंगावरून खाली उतरतं तेव्हा होतो तसा.

माझी बॅग पडली की काय, असं मी म्हणाले. त्याने गाडी बाजूला घेतली, मागे गेला, एकेक पट्टा ओढून पाहिला आणि परत येऊन म्हणाला, सगळं बांधलेलं आहे. कसला आवाज, हे त्याने विचारलं नाही. ते मला फार नंतर जाणवलं.

भिंतीचा तो तुकडा का नवा आहे, हे मला ठाऊक होतं. आदल्या हिवाळ्यात तो याच पिकअपने पाडला होता. माझ्या लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण. एका सकाळी तिला बाळाची हालचाल जाणवेना. बर्फामुळे ॲम्ब्युलन्स खालीच अडकली, म्हणून जावयाने तिला पिकअपमध्ये घातलं. हौदा रिकामा होता. वळणावर गाडीची मागची बाजू फिरली आणि भिंतीवर आदळली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण शेजारच्या शेतावरचा ट्रॅक्टर येऊन ओढेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली. हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर बाळाचे ठोके मिळाले नाहीत.

डॉक्टरांनी परत परत सांगितलं की ते आधीच गेलेलं होतं, बहुधा आदल्या रात्रीच, घरी. वळणाने काही फरक पडला नाही. मी सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये केली, रिपोर्ट वाचायचे कसे ते मला कळतं. मी विश्वास ठेवला. लेकीने नाही ठेवला. ती एकच वाक्य म्हणायची, "गाडी हलकी होती." पुढे पुढे तेही म्हणेनाशी झाली, पण ते तिच्या चेहऱ्यावर वाचता यायचं. पुण्याहून नातेवाइकांचे फोन आले. जे जग बघायलाच आलं नाही त्याचं नाव ठेवायचं नसतं, विषय काढायचा नसतो, असं त्यांनी बजावलं. त्यामुळे नाव नाही, बारसं नाही, आणि बोलणंही नाही.

बारशावरून आता वरवंट्याचं सांगायला हवं. लग्नानंतर मी इंग्लंडला आले तेव्हा माहेरचा पाटा-वरवंटा आणायचा हट्ट धरला होता. पाटा विमानतळावरच परत गेला, वरवंटा तेवढा आला. पाट्याशिवाय वरवंट्याचा उपयोग काय, तर काही नाही. चटणी मी पहिल्या दिवसापासून मिक्सरमध्येच वाटली. पण बारशाला वरवंटा लागतोच. बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला कुंची घालून, दुपट्यात गुंडाळून, पाळण्याच्या वरून-खालून या बाईने त्या बाईच्या हातात द्यायचा आणि आधी त्याला निजवायचं. काय दृष्ट लागायची, काय धोका व्हायचा, तो त्याला. बाळ त्याच्यामागून. हॅरो-स्टॅनमोरच्या मराठी बायकांमध्ये खरा दगडी वरवंटा फक्त माझ्याकडे, त्यामुळे तो घरोघर फिरायचा आणि प्रत्येक वेळी थोडा जास्त कुंकवाळलेला होऊन परत यायचा. कितीतरी डॉक्टर आणि बँकवाल्यांच्या आधी तो त्यांच्या पाळण्यात झोपलाय. आदल्या हिवाळ्यात मी तो मोठ्या हौसेने लेकीकडे नेला होता. सोबत माझ्या मऊ पडलेल्या साडीचं दुपटं आणि कुंची. मग जे झालं ते झालं, आणि ते सगळं तिथेच राहिलं. मला मागवत नव्हतं. वर्षभर लोकांनी विचारलं तर मी सांगायची, खलातला बत्ता घ्या.

या वेळी पोचल्यावर दोन दिवसांनी मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, वरवंटा कुठे आहे? लेक म्हणाली, असेल कुठेतरी. मी कपाटं पाहिली, जिन्याखाली पाहिलं, शेडमध्येसुद्धा डोकावले. दुपटं नव्हतं, कुंची नव्हती, दगडही नव्हता. टाकून दिला असेल, असं मी मनाला सांगितलं आणि तिच्यावर रागावता येईना म्हणून जावयाच्या मोज्यांवर रागावले.

मग बर्फाचे दिवस सुरू झाले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगणातली पिकअप दिसायची. रोज सकाळी चहा करताना माझी नजर हौद्याकडे जायची. गोण्या रात्रीतून पांढऱ्या व्हायच्या, एकसारख्या. फक्त पुढच्या टोकाला, केबिनच्या काचेखाली, हातभर जागा उघडी असायची. तिथे बर्फ नसायचं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, वाऱ्याने उडालं असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच. नंतर चहा करताना मी खिडकीकडे पाठ करायला लागले.

जावयाबरोबर खाली दुकानात जाणं व्हायचं. जाताना आणि येताना, त्या फिकट भिंतीपाशी, प्रत्येक वेळी धप्.  तो थांबायचा, मागे जायचा, पट्टे ओढायचा, यायचा. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं की यांत्रिक बिघाड असला तर दाखवून घ्यावा. त्याने मान डोलावली आणि रेडिओ लावला.  मी भित्री बाई नाही. लॅबमध्ये माणसांचे तुकडे बाटल्यांत ठेवलेल्या खोलीत बसून मी डबा खाल्लेला आहे. पण त्या वळणाची मला भीती बसली, अगदी साधी, अंधाऱ्या मोरीची लहानपणी वाटते तशी.

एका सकाळी मी लवकर उठले. बाहेर नुकतं उजाडत होतं, सगळं निळसर. पिकअपपाशी कुणीतरी वाकून उभं होतं. एक हात हौद्यात कोपरापर्यंत घातलेला, दुसरा कमरेवर.  मग ते वळलं आणि पुढे आलेलं पोट दिसलं. माझीच लेक होती, ड्रेसिंग गाऊनवर कोट चढवून. आत येऊन पाय झटकत ती बाथरूमकडे गेली. तिचा हात थंडीने लाल झाला होता.

ती आंघोळीला गेल्यावर मी बाहेर गेले. उघड्या जागेत, सगळ्यात पुढची गोणी आणि केबिन यांच्या फटीत, माझ्या साडीचं दुपटं दिसलं. बाहेर ओढलं तर हाताला ओझं लागलं. कुंची घातलेला वरवंटा. दोरी नाही, पट्टा नाही. आणि त्याच्या पुढे काच, आणि काचेपलीकडे लेकीची सीट. ज्या माणसाला हौद्यात मोकळा कोबी चालत नाही, त्याच्या बायकोच्या डोक्यामागे कोण जाणे किती दिवस मोकळा दगड होता. मला तेव्हा भुताखेताचं काही वाटलं नाही. नुसता संताप आला, आणि संतापाच्या भरात बरंही वाटलं, कारण आवाजाचं कारण सापडलं होतं.

मी तो घेऊन स्वयंपाकघरात आले आणि टेबलावर ठेवला. लेक केस पुसत आली, तिने टेबलाकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. मी सुनावायला सुरुवात केली. काच, ब्रेक, डोकं, नवऱ्याने शंभरदा सांगितलेलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तूच सांगितली होती ना," ती म्हणाली. "आधी दगड जाते, मग बेबी. म्हणजे बेबीला काय नाही होत. लास्ट टाइम आधी कोणच नाही गेला, आई. माझा बेबीच पहिला गेला."

मी खुर्ची ओढून बसले. इथे जन्मलेल्या पोरीला आपण एखादी गोष्ट हसत हसत सांगतो, बारशाच्या गडबडीत, पेढे वाटता वाटता, आणि ती एवढं घट्ट धरून बसते. मी म्हटलं, अगं, ते नुसतं करायचं म्हणून करतात. ती म्हणाली, मग आपण पण करू.

दगड तिथून काढायचा नाही, यावर ती हटून बसली. तिथे मोकळा राहू द्यायचा नाही, यावर मी. शेवटी मीच सुचवलं की तो वाळूत घालू. एक गोणी आत आणली, तिचं तोंड सोडलं. वाळू बर्फाने घट्ट झाली होती, ती स्टोव्हपाशी ठेवून मोकळी केली. मग दोघींनी हाताने उकरून मधोमध खड्डा केला. तिने वरवंटा दुपट्यासकट आत ठेवला, कुंचीचे बंद नीट केले आणि आम्ही वरून वाळू लोटायला लागलो. तेव्हा माझ्या हातांना कळलं की आपण काय करतोय. आमच्यात एवढ्याशा बाळाला जाळत नाहीत, पुरतात. आदल्या हिवाळ्यात सगळं हॉस्पिटलने केलं होतं, फार मायेने केलं, पण आमच्यापैकी कुणी मूठभर माती दिली नव्हती. लेक रडत नव्हती. मी रडत होते, आणि वाळू लोटत होते.

जावई मागच्या दाराने आत आला. जमिनीवर वाळू, वाळूत सासू, सासूच्या तोंडाला शेंबूड. लेकीने त्याला इंग्रजीत थोडक्यात सांगितलं.  गोणीचं तोंड त्याने स्वतः दुहेरी बांधलं, ती दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि बाहेर नेऊन चौकटीच्या मधोमध, मागच्या चाकांच्या बरोबर वर ठेवली. दोन्ही बाजूंना दुसऱ्या गोण्या, वरून पट्टे. आता काही म्हणजे काही हलणार नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात, दुपारच्या जेवणावर, लेकीला कळा सुरू झाल्या. बर्फ सकाळपासून पडत होतं. फोनवरच्या सुईणीने सांगितलं, ॲम्ब्युलन्सला वेळ लागेल, रस्ता चालू असेल तर सावकाश या. निघालो तेव्हा तिन्हीसांजेसारखा उजेड झाला होता. इथे हिवाळ्यात दुपार अशीच संपते. जावई गाडी चालवत होता, लेक मध्ये, मी दाराशी. त्याची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडलेली मला दिसत होती.  वायपर चालले होते आणि लेक कळ आली की माझा दंड धरत होती.

वळण आलं. आणि वळणात, रस्त्याच्या मधोमध, फिकट भिंतीसमोर एक मेंढी उभी होती. नुसती आमच्याकडे बघत. जावयाने ब्रेकवर पाय ठेवला, अगदी हलका. मला मागची बाजू सुटल्याचा भास झाला. पण गाडी सुटली नाही. तिची मागची चाकं रस्त्याला धरून बसली. आम्ही कण्हत कण्हत थांबलो, मेंढीपासून दोन हातांवर.

आणि मागून आवाज आला. धप्.

मी पट्टे पाहिले होते. दगड वाळूच्या पोटात होता, वाळू गोणीत, गोणी चौकटीत. हलायला काही उरलंच नव्हतं.  लेकीने माझा दंड घट्ट धरला, पण तिला कळ आलेली नव्हती. तिचा चेहरा एकदम शांत होता.

"आई, आहे ना मागे?"

जन्मभर मी मायक्रोस्कोपखाली जे दिसत नाही ते नाही असं म्हणत आले. मी मागे वळून पाहिलं नाही.

"आहे," मी म्हटलं.

मेंढी बाजूला झाली. जावयाने या वेळी खाली उतरून पट्टे पाहिले नाहीत. आम्ही डोंगर उतरलो.

मुलगी झाली. ओरडत आली, काळ्याभोर केसांची, नाक बापाचं. ते दोन-तीन दिवस मी काय खाल्लं, कुठे झोपले, मला आठवत नाही. एवढंच आठवतं की नर्सने तिला माझ्या हातात दिलं तेव्हा मी पहिल्यांदा तिचं वजन पाहिलं, काट्यावर नव्हे, हातावर.

बाराव्या दिवशी घरातच बारसं केलं. आम्ही तिघंच. पाळणा म्हणजे दुकानातून आणलेली टोपली. जावयाने गोणी आत आणली, सोडली आणि वरवंटा बाहेर काढला. दुपट्यातून वाळू झडली. मी वरून दिला, त्याने खालून घेतला, त्याने वरून दिला, लेकीने घेतला. त्याला टोपलीत निजवल्यावर पुढचं नाव वगैरे बाळाचं, म्हणून मी बाळाला उचलायला वळले. लेक तिथेच वाकली होती. दगडाच्या कुंचीपाशी तोंड नेऊन ती काहीतरी कुजबुजली. एक शब्द. मग तिने त्याला उचलून छातीशी धरलं आणि मला मान हलवून सांगितलं, आता हिला घाल. तो शब्द काय होता मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि पुण्याला कळवलंही नाही.

मार्चअखेर बर्फ सरलं तशी जावयाने हौदा रिकामा केला. उगीच वजन वाहत राहिलं की टायर झिजतात, ब्रेकवर ताण येतो, असं म्हणाला. वाळू त्याने वाफ्यात पसरली. मी घरी निघाले. वरवंटा मी मागितला नाही. तो खिडकीत आहे, कुंचीसकट. हॅरोच्या बायकांनी दुसरा दगड शोधावा.

स्टेशनला जाताना ऊन होतं. रस्ता कोरडा, गाडी रिकामी, उतारावर जरा उसळत चाललेली. त्या वळणावर त्याने वेग कमी केला, मग गाडी भिंतीपाशी घेतली आणि इंजिन बंद केलं. खाली उतरला नाही. दोघंही समोर बघत बसलो. मी वाट पाहत होते, हे मला कबूल करायला हवं. काही आलं नाही. कुठेतरी एक पक्षी ओरडत होता.

तेव्हा त्याने सांगितलं. तो आवाज दगडाचा नव्हताच. दगड ठेवायच्या कितीतरी आधीपासून, भिंतीवर आदळल्यानंतर पहिल्यांदा गाडी या वळणावर आणली त्या दिवसापासून, रिकाम्या हौद्यातून तो यायचा. वर्षभर. बायकोला त्याने सांगितलं नव्हतं. वाळू भरली ती चाकांसाठीच, पण गोण्या रचताना त्याच्या मनात हेही होतं की इतकं ओझं घातल्यावर ते गप्प होईल.

"आणि आता झालंय गप्प," तो म्हणाला, "तर मला रोज इथे थांबावंसं वाटतं, आई."

या वेळी त्याचा 'आ' लांब नव्हता. मी त्याच्या हातावर हात ठेवला. ट्रेनची वेळ झाली होती, तरी आम्ही आणखी थोडा वेळ ऐकत बसलो.